चावरं पिस्तूल

सलाउद्दीन मणियार माणसांना चेहऱ्यावरून ओळखत नसत. दहीपुलाजवळच्या त्यांच्या बांगड्यांच्या दुकानात आलेली बाई हात पुढे करते आणि तोंड मैत्रिणीकडे वळवते. उभा जन्म असा गेल्यावर चेहऱ्यांची सवय राहत नाही. रस्त्यात कोणी "काय भाईजान, ओळख विसरलात का?" म्हणून अडवलं, की ते आधी मनगटाकडे बघत आणि मग म्हणत, "बांगडीचं माप दोन-सहा. अंगठ्याचा सांधा कडक. आडगावच्या ना तुम्ही?" बहुतेक वेळा ते बरोबर निघे. हात जोडून येणारा माणूस त्यांना लगेच कळे, खिशात हात घालून येणारा कळत नसे. त्यामुळे निवडणुकीच्या दिवसांत त्यांच्या ओळखी फार वाढत.

सलाउद्दीन बी.कॉम. होते. पदवी दुकानात आरशाच्या मागे टांगलेली होती. आरसा पुसायला काढला की ती दिसे. शिक्षणाचा धंद्यात फायदा एवढाच झाला होता, की प्रत्येक गोष्टीचं कारण विचारल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांच्या बायकोच्या, हमीदाच्या मते हा फायदा नव्हता, दुखणं होतं.

तर एका संध्याकाळी मुलगी निलोफर ड्यूटीवरून घरी आली, तेव्हा तिचा चेहरा उतरलेला आहे हे हमीदाला दिसलं आणि तिच्या उजव्या हाताला पट्टी आहे हे सलाउद्दीनना. पट्टी अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधल्या बेचकीत होती. मणियाराच्या लेखी हातावरची ही सगळ्यांत नाजूक जागा. तिथे त्यांनी आजवर कोणाला खरचटू दिलं नव्हतं.

"काय झालं?"

"मांजर."

"बघू." त्यांनी पट्टी अलगद उचलली. खाली दोन लाल रेघा होत्या, सरळ, एकमेकींना धरून, मनमाडकडे जाणाऱ्या रुळांसारख्या. "मांजर चार काढतं. आणि वाकड्या काढतं."

"अब्बा, जाऊ द्या ना."

"कुणाचं मांजर?"

"सरकारचं," निलोफर म्हणाली. "पिस्तूल चावलं."

स्वयंपाकघरातून हमीदा बाहेर आली. "चावलं म्हणजे? दात असतात का त्याला?"

हा प्रश्न तिने टोमणा म्हणून विचारला होता. सलाउद्दीननी मात्र चष्मा पुसला आणि उत्तराची वाट बघत बसले.

निलोफर शहर पोलिसांत शिपाई होती, आणि घरात तिला नीलू म्हणत. तिने समजावून सांगितलं. गोळी सुटली की पिस्तुलाचा वरचा लोखंडी भाग, त्याला स्लाइड म्हणतात, झटक्यात मागे येतो, रिकामं काडतूस बाहेर फेकतो आणि पुन्हा पुढे जाऊन बसतो. हे इतक्या चटकन होतं की डोळ्यांना दिसत नाही. मागे येताना त्याच्या वाटेत हाताचं मांस आलं, की खालच्या दोन्ही कडा त्याला सोलत जातात. पिस्तूल कुणाला ओळखत नाही.

"सगळ्यांना चावतं?"

"नाही."

"मग तुलाच का?"

"तेच तर कळत नाहीये," असं म्हणून ती तोंड धुवायला गेली.

कळायला हवं होतं, कारण शुक्रवारी नेमबाजीची चाचणी होती. कुंभमेळ्याच्या बंदोबस्तासाठी महिला पोलिसांचं एक सशस्त्र पथक निवडायचं होतं आणि निलोफरला त्यात जायचं होतं. भरती झाल्यापासून तिला एवढं एकच हवं होतं. चाचणीत नापास झाली, तर आवक-जावकचं टेबल तिची वाट बघत होतं. तिथे आलेल्या टपालावर शिक्का मारायचा आणि गेलेल्या टपालावरही मारायचा. आणि पिस्तूल चावल्यापासून हात गोळीच्या आधीच घाबरायला लागला होता. चाप ओढायच्या क्षणी डोळे मिटत, नळी खाली झुके आणि गोळी निशाणाच्या पायाशी मातीत जाई.

हमीदाला टेबल पसंत होतं. मालेगावहून ओवेस नावाच्या मुलाचं स्थळ आलं होतं. मुलगा इंजिनिअर आणि शांत, आई दोन्ही नव्हती. तिने निलोफरचा ताजा फोटो मागवला होता. तो दुसऱ्या दिवशी पाठवला, आणि त्यात पट्टी दिसताच तिने फोनवर विचारलं, "हाताला काय झालं मुलीच्या?" पिस्तुलाचं ऐकून ती म्हणाली, की नोकरीला आमची ना नाही, पण टेबलाची असेल तर बरं. चावणारी वस्तू घरात नको.

खरं म्हणजे सलाउद्दीनही टेबलाच्याच बाजूचे होते. लाखोंची गर्दी, त्यात एकुलती मुलगी, तिच्या कमरेला भरलेलं पिस्तूल, हे चित्र डोळ्यांसमोर आलं की ते मोजलेल्या बांगड्या पुन्हा मोजायला घेत. पोर नापास होऊ दे, अशी दुआ त्यांनी उघड मागितली नव्हती. पण दुआ मागताना तो विषय टाळला होता, आणि वरच्याला हिशेब कळतो. पण पिस्तूल का चावतं, एवढं फक्त कळून घ्यायला काय हरकत होती?

पहिला सिद्धांत त्यांनी त्याच संध्याकाळी, पट्टी बघितल्यावर, जेवणाआधीच मांडला होता. निलोफरचा हात दोन-दोन, म्हणजे दुकानातलं सगळ्यांत लहान माप. लहान हातात मोठं पिस्तूल सैल बसणार. आणि सैल बांगडी आपटते, म्हणून आधी वाढते. फुटली असं मणियार म्हणत नाही. घट्ट बांगडी वर्षानुवर्षं टिकते.

"पिस्तूल सैल धरतेस तू. घट्ट धर. आवळून."

"बांगडीचं आणि पिस्तुलाचं काय नातं अब्बा?"

"दोन्ही हाताशी येतात. आण ते तुझं."

'ते' म्हणजे केस वाळवायचं मशीन. निलोफर आरशासमोर सराव करायची तो त्याच्यावरच, कारण घरातली तेवढीच एक वस्तू पिस्तुलाच्या आकाराची होती. तिने ते धरलं, एक डोळा बारीक केला आणि फ्रिजवर नेम लावला. सलाउद्दीननी स्टीलची पट्टी मशीनच्या पाठीवर ठेवून सरकन मागे ओढली. पट्टी हाताच्या वरून निघून गेली. पुन्हा ओढली. कातडीला स्पर्शसुद्धा नाही.

"घरी चावत नाही," ते चकित होऊन म्हणाले.

"घरी पोटभर मिळतं ना त्याला," हमीदा म्हणाली. "ताटं घ्या आता."

दुसऱ्या दिवशी निलोफरने पिस्तूल आवळून धरलं. ते आधीपेक्षा खोल चावलं. त्या संध्याकाळी हमीदाने काही कारण नसताना शिरा केला.

त्याच आठवड्यात दुकानाच्या पायरीवर एक भला मोठा पंजा टेकला आणि त्याच्यामागून हवालदार सहादू वर आले. पोलिसांना नेमबाजी शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. सहादू निलोफरचे उस्ताद होते, मूळचे सिन्नरकडचे. त्यांच्या येण्याला एक कारण होतं. मैदानावर रांगेत कुणाची गोळी मातीत गेली, की "हातात बांगड्या भरल्यात का?" असं ओरडायची त्यांची जुनी पद्धत होती. समोर महिला पथक उभं आहे हे ओरडताना त्यांच्या लक्षात राहत नसे. यंदा रांगेतून निलोफर म्हणाली होती, "भरायच्या असतील तर अब्बांचं दुकान दहीपुलाला आहे, उस्ताद." सगळी रांग हसली. उस्तादांनी तिला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या, आणि ती पळत असताना त्यांना आठवलं की घरात लग्न आहे आणि बायकोने खरंच बांगड्या सांगितल्यात.

"राम राम. मंडळीसाठी पायजे. हिरव्या."

"बसा उस्ताद. माप?"

"माप तर नाय बा माहीत."

"हात केवढा आहे वहिनींचा?"

सहादूंनी विचार करून मूठ वळली आणि पुढे धरली. "ह्येच्यापेक्षा वाईच कमी. पण चिडली का येवढाच."

सलाउद्दीननी मुठीकडे पाहिलं आणि माप घ्यायचं विसरले. बेचकीत, केसांच्या खाली, दोन पांढरट वण होते. जुने. सरळ.

"हे कसले?"

"ह्ये? त्येच की. चावा."

"तुम्हालाही?"

"मला तर चावणारच," सहादू अभिमानाने म्हणाले. "पंजा बघा की माझा. पिस्तुलाची मूठ येवढीशी, माझं मांस येवढं. मुठीत मावून उरलेलं मांस जाईल कुठं? वर येतं. अन् स्लाइडच्या वाटंत बसून ऱ्हातं, रस्त्यात म्हस बसावी तसं. मोठ्या हाताला चावतं, ह्ये शास्त्रच हाय."

"मग माझ्या मुलीला का चावतं? तिचा हात दोन-दोन."

"आता कसं बोलला! चिमणीचा पंजा तिचा. तिला चावायचं कारणच नाय. म्हणलं खाली धर, तर नळी लय उड्या मारती. म्हणलं वर धर, तर चावतं. मोठ्याला चावतं त्ये समजलं, पण ल्हानाला? मी लय विचार केला अन् म्हणलं, नशीब."

"नशीब हे कारण होत नाही, उस्ताद."

"पोलिसात होतं," सहादू म्हणाले.

दोघं चहा होईपर्यंत एकमेकांचे हात धरून बसले. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका थबकून बघून पुढे गेल्या. सलाउद्दीननी केस वाळवायच्या मशीनची हकीकत सांगितली. सहादूंना ती पटली नाही, पण मशीनवर सराव करणाऱ्या पोरीचं त्यांना कौतुक वाटलं. "पोरगी जिद्दीची हाय," ते उठताना म्हणाले. "तिच्या डोळ्यात नेम हाय. हात तेवढा भितो." मुठीच्या अंदाजाने बांधून दिलेल्या दोन-दहाच्या बांगड्या घेऊन ते गेले.

सलाउद्दीनच्या डोक्यात मात्र तीन गोष्टी एकमेकींवर आपटत राहिल्या. मोठ्या हाताला चावतं. लहान हाताला चावतं. आणि त्याच लहान हाताला घरी, फ्रिजसमोर, चावत नाही. यातली कुठलीही एक काढली तर बाकीच्या दोघी गुण्यागोविंदाने नांदल्या असत्या.

गुरुवारी दुपारी स्नेहा नावाची मुलगी चुडा भरायला आली. लग्न तोंडावर आलेलं, हात दोन-सहाचा आणि हट्ट दोन-चारचा. सैल दिसतात म्हणे फोटोत. सलाउद्दीननी तिचा हात हातात घेतला आणि त्यांच्या वडिलांनी, वडिलांच्या वडिलांनी जे म्हटलं असेल तेच म्हणाले, "हात बारीक कर बेटा. दुखणार नाही."

हात बारीक करणे म्हणजे अंगठा तळव्यात दुमडून घ्यायचा, बोटं एकमेकांत चेपायची, हाताने स्वतःला जमेल तेवढं कमी करायचं. स्नेहाने दात आवळले आणि केला. बांगडी सांध्यापर्यंत आली. आणि सलाउद्दीन थांबले.

अंगठा आत गेला तसं बेचकीचं सगळं मांस मागे गोळा झालं होतं. एरवी जिथे सपाट कातडी असते, तिथे बोटभर उंचीची वळकटी उभी राहिली होती. हीच वळकटी ते रोज बघत होते. तिला चुकवून बांगडी पुढे सारणं, हाच तर त्यांचा सगळा धंदा. पण या वळकटीवरून बांगडीऐवजी दुसरं काही गेलं तर, हा विचार त्यांच्या घराण्यात कुणी केला नव्हता.

"काका, अडकलीय! दुखतंय ना!"

"हो, दुखणारच," सलाउद्दीन तंद्रीत म्हणाले. "घट्ट आवळशील तेवढी वळकटी उंच होणार."

"अहो, काढा!"

त्यांनी साबणाचं पाणी लावून बांगडी पुढे सारली. दोन-सहाच्या घे, असंही सांगितलं नाही. ते दुकानात नव्हतेच. ते जुन्या एका दुपारी होते, जिथे फ्रॉकमधली नीलू याच गादीवर बसली होती आणि बिचकणाऱ्या गिऱ्हाइकांना ते दाखवत होते, बघा, ही पोर कसा करते हात बारीक, रडते का? दवाखान्यात सुई टोचताना हमीदाने तिला तेच सांगितलं. शाळेत छडी खायच्या वेळी ती तेच करायची. दहावीच्या पहिल्या पेपरला हॉलमध्ये शिरताना तिचा अंगठा तळव्यात होता, हे चेहरा नव्हे तर हात बघणाऱ्या बापाने पाहिलं होतं. भीती वाटली की हात बारीक करायचा. घरात या मुलीला सगळ्यांत पक्कं काही शिकवलं असेल, तर ते हेच.

फ्रिजची भीती वाटत नाही. म्हणून घरी चावत नाही.

सहादूंचं बरोबर होतं, मोठ्या हाताचं मांस उरतं म्हणून चावतं. आणि लहान हात भीतीने आणखी लहान व्हायला जातो, तेव्हा त्याचंही मांस कुठेतरी उरतंच. सलाउद्दीनना इतका आनंद झाला, की आरसा काढून पदवी एकदा बघून घ्यावी असं वाटलं. मग त्यांच्या लक्षात आलं की उद्या शुक्रवार आहे, आणि हे निलोफरला सांगितलं तर ती पास होईल.

आनंद मागे फिरला, स्लाइडसारखा, आणि जाता जाता सोलून गेला.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर ते नुसता भात चिवडत होते. हमीदा बोलत होती. मालेगावहून उद्या फोन येणार, टेबलाचं नक्की झालं की रविवारी माणसं बघायला येतील. निलोफर बेचकीला मलम लावत होती.

"अब्बा, आज काही विचारलं नाहीत?"

"काय विचारायचं?"

"काहीही. रोज विचारता. मूठ केवढी, स्लाइड केवढी, गोळी कुणी बनवली."

"कंटाळा आला."

निलोफरने मलम बाजूला ठेवलं आणि बापाकडे नीट बघितलं. "तुम्हाला काहीतरी कळलंय."

"मला काय कळणार? मी बांगड्या विकतो."

"खा मुकाट्याने," हमीदा म्हणाली, आणि ते खरंच मुकाट्याने जेवले. पण उत्तर पोटात असताना भात जात नाही. प्रश्न घेऊन सलाउद्दीन वर्षानुवर्षं राहू शकत होते. उत्तर घेऊन राहायची त्यांना सवय नव्हती.

सकाळी निलोफर गणवेशात तयार होऊन दारात आली. डोक्यावर हेल्मेट, हातात स्कूटीची किल्ली. सलाउद्दीन चहाचा कप घेऊन उभे होते. तिने "येते" म्हटलं, आणि त्यांनी सवयीने हाताकडे बघितलं. किल्ली मुठीत होती आणि अंगठा आत, तळव्यात, दुमडलेला. दहावीच्या पहिल्या पेपरासारखा.

टेबल चांगलं होतं. सुरक्षित होतं. तिथे शिक्क्याशिवाय काही आपटत नाही. पण हा अंगठा तिथेही आतच राहणार होता.

"नीलू," ते म्हणाले, "हात मोठा कर."

दहीपुलाच्या मणियारांच्या घराण्यात हे वाक्य आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. निलोफर बघतच राहिली. त्यांनी कप खाली ठेवला, किल्ली काढून घेतली आणि तिचा अंगठा बाहेर ओढून सरळ केला.

"भीती वाटली की तू हात बारीक करतेस. आम्हीच शिकवलं. अंगठा आत गेला की इथलं मांस मागे उभं राहतं. हे बघ, हे. यालाच चावतं ते. धरायच्या आधी हात पूर्ण उघड. बेचकी ताणून सपाट कर, आणि मगच मुठीला लाव. अंगठा आत नाही, बाजूने सरळ ठेव. उगाच आवळू नकोस. आवळ म्हणालो होतो ते विसर, ते बी.कॉम. बोललं होतं."

निलोफरने दारातच हात उघडला, मिटला, पुन्हा उघडला. अंगठा आत घेऊन उभी राहिलेली वळकटी दुसऱ्या हाताच्या बोटाने दाबून बघितली. मग अंगठा सरळ केला. वळकटी गेली.

"कधी कळलं हे?"

"काल दुपारी."

"आणि आत्ता सांगताय?"

सलाउद्दीननी कप उचलला. चहा गार झाला होता, तरी तो प्यायले. मागे स्वयंपाकघराच्या दारात हमीदा उलथनं हातात घेऊन उभी होती आणि तिने सगळं ऐकलं होतं. स्कूटी गेल्यावर ती म्हणाली, "नीलूचे अब्बा, तुमच्या पोटात काही राहत नाही."

"मी फक्त हाताबद्दल बोललो."

"तेच म्हणतेय मी."

दुकानात त्या दिवशी त्यांनी एका बाईला दोन्ही हातांत वेगवेगळी मापं भरली. संध्याकाळी लवकर घरी आले. हमीदा खिडकीशी होती. स्कूटी वाजली, दार उघडलं, आणि दोघांनी एकदम बघितलं. तिने चेहऱ्याकडे, यांनी हाताकडे.

बेचकीत जुनी खपली होती. नवी रेघ नव्हती.

"पहिली गोळी मातीतच गेली," निलोफर बूट काढत म्हणाली. "सवयीने डोळे मिटले. मग हाताकडे बघितलं, तर काहीच नाही. उस्ताद मागून म्हणाले, 'हाताकडं काय बघती, म्होरं बघ.' मग बघितलं."

"आणि?"

"काठावर. पण घेतलं." तिने पिशवीतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढून बापापुढे ठेवलं. "आणि उस्तादांनी बांगड्या परत दिल्यात. त्यांच्या बायकोच्या, विठाबाईंच्या, कोपरापर्यंत गेल्या म्हणे. त्यांचा हात दोन-चार निघाला. घरी बोलणी उस्तादांनाच बसली."

सलाउद्दीन हसले, आणि हसताना हमीदाकडे बघायचं त्यांनी टाळलं. हमीदाने मुलीचा हात ओढून घेतला. खपली बोटाने चाचपली. हात उलटा केला, सुलटा केला, अंगठा हलवून बघितला, जसं मणियाराच्या घरात नांदलेली बाई बघेल तसं.

"दुखत नाही?"

"नाही अम्मी."

"उद्याही चावणार नाही?"

"हात मोठा ठेवला तर नाही."

तेवढ्यात फोन वाजला. मालेगाव. कुणीच उचलेना. हमीदाने पदराला हात पुसले आणि फोन घेतला. पलीकडून बोलणं चाललं होतं. इकडे ती "हो", "हो", "बरोबर" म्हणत होती. सलाउद्दीन बांगड्यांचा कागद सोडत आणि पुन्हा बांधत बसले. निलोफरचा अंगठा हळूच तळव्याकडे निघाला होता. तिच्या लक्षात आलं आणि तिने तो बाहेर काढला.

"नाही हो, टेबल नाही," हमीदा फोनमध्ये म्हणाली. "पिस्तूलच."

पलीकडून 'विचार करून कळवतो' असं काहीसं ऐकू आलं.

"हो, ते ठीक आहे. विचार करा ना, घाई नाही आम्हाला," हमीदा म्हणाली, आणि निलोफरच्या हाताकडे बघत पुढे म्हणाली, "पण आता ते चावत नाही."